आणखी एकदा

शुक्रवारी दुपारपर्यंत टॉलिव्हरांच्या स्वयंपाकघरात सदतीस भांडी जमली होती. रेनाटाने ती मोजली होती. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि राज्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत दहा वर्षं काढल्यावर ती सवय सुटेल ही आशाही तिने सोडून दिली होती. मॅकरोनी-चीजची नऊ भांडी, तळलेल्या कोंबडीची सहा, उकडलेल्या पाल्याची पाच. बाकी केक आणि रताळ्याच्या गोड पाई. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टी, तिच्यावर आणणारीचं नाव. बेलफोरमध्ये कुणी गेलं की आधी भांडी येतात. रडायला माणसं मागाहून येतात, आणि भांडी परत न्यायला त्याच्याही नंतर.

बाबा सोमवारी पहाटे गेले होते. अंत्यविधी शनिवारी अकराला, माउंट निबो चर्चमध्ये.

सकाळपासून जो येत होता तो प्रोफबद्दल काहीतरी सांगत होता. बाबांना, म्हणजे एमॉरी टॉलिव्हरना, गावात 'प्रोफ' सोडून दुसरं नाव नव्हतं. एकेचाळीस वर्षं त्यांनी शाळेचा बँड चालवला. ज्या पोरांना अपूर्णांक येत नव्हते त्यांना सुरांच्या लांबीवरून पाव आणि अर्धा शिकवला. सरावानंतर ट्रकमधून एकेकाला घरी सोडायचे आणि घराचं दार उघडेपर्यंत गाडी हलवायचे नाहीत. ढोल वाजवणारा एक जण पुढे तुरुंगात गेला, तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दीड तास गाडी हाकून त्याला भेटायला जायचे. आणि तुताऱ्यांची मुखं याच शेगडीवर, आईच्या सूपच्या पातेल्यात उकळायचे. लोक सांगत होते ते सगळं खरं होतं. रेनाटाला त्याचाच त्रास होत होता.

दहा वाजता क्लिफ्टन मेब्री खोका घेऊन आला होता. क्लिफ्टन गावचा पोस्टमन. अठ्ठ्याऐंशी सालच्या तुकडीत तो ट्रंपेट वाजवायचा. जुन्या विद्यार्थ्यांचा बँड उद्या चर्चच्या पायऱ्यांसमोर उभा राहून वाजवणार होता आणि त्यासाठी त्याने दोनशे दहा शर्ट छापून घेतले होते. त्याने त्यातला एक आईसमोर धरला. काळा शर्ट, पाठीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत प्रोफचं सरावातलं नेहमीचं वाक्य: 'आणखी एकदा'.

"प्रोफच्या 'एकदा'चा अर्थ गणिताच्या मास्तरांनासुद्धा कधी लागला नाही," क्लिफ्टन हसत म्हणाला आणि मग त्याला डोळे पुसावे लागले. आईने त्याचा हात थोपटला, शर्ट फार छान झालेत म्हणाली, आणि त्याला केकचा तुकडा बांधून दिला.

तो गेल्यावर रेनाटाने विषय काढला. हे शर्ट उद्या दिसता कामा नयेत, ती म्हणाली. आईने हातातला छापील कार्यक्रम खाली ठेवला. कुणाला काय कळणार आहे, तिने विचारलं. ते वाक्य गावाचं आहे, लोकांच्या प्रेमाचं आहे. त्यामागचं जे दुसरं आहे ते या घरात दोघींनाच ठाऊक, आणि दोघींपैकी कुणी तोंड उघडलं नाही तर ते उद्या बाबांबरोबर जमिनीखाली जाईल.

"आणि ओडेसाआत्या? तिने पाठीवर वाचलं तर?"

"ओडेसा येणार नाही," आई म्हणाली. "तेवीस वर्षांत आली नाही, ती आता काय येते."

अडतिसावं भांडं ओडेसाआत्याने आणलं.

ती मागच्या दाराने आली, पूर्वी यायची तशी, न ठोठावता. बाबांची ही पाठची बहीण याच रस्त्यावर सहा घरं पलीकडे राहायची. त्याच दुकानात जायची, त्याच चर्चमध्ये पलीकडच्या बाजूला बसायची. पण शहाण्णवच्या ऑगस्टनंतर या घराची पायरी तिने चढली नव्हती. अडुसष्ट वर्षांची बाई, ताठ, अंगात चर्चला जायचे निळे कपडे. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात काचेच्या लांबट भांड्यात लोण्याचा केक.

रेनाटाने भांडं घेतलं आणि ओट्यावर ठेवताना सवयीने तळ पाहिला. चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती. तिच्यावर आईचं नाव होतं, आईच्याच अक्षरात.

हे भांडं रेनाटाने पूर्वी पाहिलं होतं. आत्याचा मुलगा ज्युनियस गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आई यात चिकन-भात घेऊन आत्याकडे गेली होती. बारा वर्षांची रेनाटा तिच्या मागे उभी होती. आईने आत्याला मिठी मारली आणि म्हणाली होती, "लवकर संपलं गं. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

"भांडं तुझं आहे, अर्नस्टीन," आत्या आता म्हणाली. "परत करायला जरा उशीर झाला."

"मी कधी मागितलं का?"

"नाही. मागायला आली नाहीस, तेवढं मात्र बरं केलंस."

आई उठली नाही. तिने पायाने खुर्ची पुढे सरकवली. आत्या बसली नाही. मग आईने जे सांगितलं ते रेनाटालाही नवं होतं: शेवटच्या आठवड्यात बाबांनी दोनदा म्हटलं होतं की अंत्ययात्रेच्या पहिल्या गाडीत ओडेसा बसली पाहिजे. तुझी जागा ठेवली आहे, आई म्हणाली. माझ्या शेजारी.

आत्याने ऐकून घेतलं. बसेन, म्हणाली, पण आधी एक प्रश्न विचारेन, आणि उत्तर या पोरीकडून घेईन.

"ती तेव्हा बारा वर्षांची होती, ओडेसा."

"म्हणून तर. बारा वर्षांच्या पोरीला खोटं आपणहून सुचत नाही. कुणीतरी शिकवावं लागतं."

ज्युनियस पंधरा वर्षांचा होता. सूसाफोन वाजवायचा, ते अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर पेलायचं, सगळ्यांत मोठं पितळी वाद्य. शाळा सुरू होण्याआधीचा सराव वाहनतळाच्या तापलेल्या डांबरावर चालायचा. त्या दिवशी चारपैकी चौथा सूसाफोन, म्हणजे ज्युनियस, वळताना एक पाऊल चुकला. दुपारी तीनला बाबांनी शहाऐंशी पोरांना सोडलं आणि भाच्याला थांबवून घेतलं. परक्याच्या पोराला त्यांनी असं कधी थांबवलं नव्हतं. घरच्याला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, हा त्यांचा नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पाणी देणारी म्हणून रेनाटा तेवढी कडेला उरली. चौकशीच्या कागदावर आलं की मुलगा स्वतःहून थांबला, तीन वेळा सराव केला, मध्ये पाणी प्यायला, आणि हृदयात जन्मजात दोष होता. दोष खरोखर होता. कागदावरचं तेवढंच एक वाक्य खरं होतं.

"त्याने पाणी मागितलं होतं का?" आत्याने विचारलं. तेव्हाही तिने नेमकं हेच विचारलं होतं, दफनभूमीत, रेनाटाची हनुवटी हातात धरून. रेनाटा 'नाही' म्हणाली होती.

आता ती आईकडे पाहू लागली. आईने मान हलवली नाही, पण टेबलावरचा हात पसरून ठेवला, जसा ती चर्चमध्ये लहानग्या रेनाटाला गप्प करायला तिच्या गुडघ्यावर ठेवायची.

"मागितलं नाही," रेनाटा म्हणाली. "हात वर केला. दोनदा."

"एमॉरीने पाहिलं?"

"पाहिलं."

"आणि?"

"आणखी एकदा, म्हणाले."

बाहेर अंगणात कुणाची तरी गाडी आली आणि दार आपटलं. कुणी आत आलं नाही.

"कितव्यांदा?"

रेनाटाला वाटलं होतं की आत्या रडेल, किंवा हात उगारेल. आकडा विचारेल असं वाटलं नव्हतं. आणि आकडा तिच्याकडे होता. तेव्हापासून तिच्याकडे होता. "तेव्हा आठ वेळा करून झालं होतं," ती म्हणाली. "एकूण अकरा. अकराव्याला तो वळला नाही."

"कागदावर तीन आहेत."

"हो."

"तू कुठे होतीस?"

"कडेला. सात पावलांवर. पाणी माझ्या हातात होतं." मग तिने नियम सांगितला, जणू तो या गावात कुणाला माहीत नव्हता: शिट्टी वाजल्याशिवाय पाणी देणाऱ्यांनी कडेच्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. मुलं वर बघत उलटी चालतात, आपटतील म्हणून. चांगला नियम होता. "शिट्टी वाजली नाही, आत्या."

आई बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबेना. शहाऐंशी पोरं होती, ती म्हणाली. त्यांना या गावात दुसरं कोण होतं? एमॉरीला काढला असता तर बँड गेला असता, आणि त्यातली निम्मी पोरं कुठे गेली असती ते तुला माहीत आहे, ओडेसा. एक गेला होता, तो परत येणार नव्हता. पोरीला काय बोलायचं ते मी शिकवलं. त्याने नाही.

"त्याने खोडून काढलं का?"

आई छापील कार्यक्रम उचलून त्याची घडी घालू लागली.

"तेवीस वर्षं होती त्याच्याजवळ," आत्या म्हणाली. "सहा घरं चालून यायची होती."

रेनाटाला सांगायचं होतं की त्यानंतर बाबांनी दुपारचा सराव कायमचा बंद केला, पाण्याचं पिंप मैदानाच्या मधोमध आणून ठेवलं, शिट्टीचा नियम मोडीत काढला. की दरवर्षी रांगांच्या आखणीत चौथ्या सूसाफोनची जागा रिकामी ठेवली. की ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदाही उच्चारलं नाही, नवी पोरं जुन्यांकडून ऐकून ते म्हणायची आणि बाबा हसल्यासारखं करून खोलीबाहेर जायचे. हेही तिने मोजलेलं होतं. पण या स्वयंपाकघरात ते मांडायला गेलं तर सूट मागितल्यासारखं झालं असतं.

आत्या दाराकडे वळली. त्याच वाटेवर क्लिफ्टनचा खोका होता, झाकण उघडं, वरचा शर्ट पाठ वर करून घडी घातलेला.

तिने तो उचलला नाही. वाचला, आणि पर्स दुसऱ्या हातात घेतली. "हे उद्यासाठी?"

"उद्या आणि आज," रेनाटा म्हणाली. खोटं बोलण्यात आता काही अर्थ नव्हता. "आज दोनला शाळेत सराव आहे. बाकीचे शर्ट वाटून झालेत, बरेच जण घालूनच येतील."

"मला तिथे सोड," आत्या म्हणाली.

वाहनतळावर दोनशेच्या आसपास माणसं उभी होती. सप्टेंबर संपत आला होता तरी गाडीतला काटा पस्तीस अंश दाखवत होता. पोटं सुटलेले, चष्मे लागलेले, एक जण गुडघ्याला पट्टा बांधून आलेला. कुणी नातीला कडेवर घेऊन क्लॅरिनेट जुळवत होतं. रेनाटाचा भाऊ डेस्मंड लाकडी चौथऱ्यावर उभा होता. सहा वर्षांपूर्वी बाबांची जागा त्याने घेतली होती. ज्युनियस गेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि कागदावर लिहिलं होतं तेवढंच त्याला माहीत होतं. पहिल्याच वर्षी त्याने आखणीतली चौथी जागा भरून टाकली होती, कारण वरून पाहताना रांग दात पडल्यासारखी दिसायची. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. त्या मोसमात बँड वाजवायचा त्या शाळेच्या एकाही सामन्याला आले नाहीत, एवढंच.

आज मात्र जुन्या लोकांनी ती जागा आपणहून सोडली होती. तीन सूसाफोन, आणि शेवटी एका माणसाएवढं डांबर.

भजन एकदा वाजवून झालं होतं. शेवट विस्कटला होता. सगळे डेस्मंडकडे बघत होते, आधीच हसायच्या तयारीत. आता तो काय म्हणणार ते सगळ्यांना माहीत होतं. पण त्याचं लक्ष रांगांमधून चालत येणाऱ्या निळ्या कपड्यांकडे गेलं. हसणं पुढून मागे विझत गेलं. आत्या चौथऱ्यापाशी थांबली.

"तू डेस्मंड," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं वाक्य पाठीवर छापलंय ना सगळ्यांनी?"

"हो, आत्या." त्याने टोपी काढली.

"मग म्हण. अकरा वेळा वाजवायचं. मला बघायचंय."

डेस्मंडने रेनाटाकडे पाहिलं. गाडीपाशी उभ्या असलेल्या तिने मान हलवली, म्हणजे म्हण. मग आत्या चालत गेली, तिसऱ्या सूसाफोनच्या पलीकडच्या मोकळ्या डांबरावर जाऊन समोर तोंड करून उभी राहिली. क्लिफ्टन खुर्ची घेऊन धावला. तिने ती घेतली नाही.

"आणखी एकदा," डेस्मंड म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रेनाटाने घड्याळ पाहिलं. दोन वाजून नऊ मिनिटं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी गंमत टिकून होती. पोस्टमन काहीतरी ओरडला, ढोलवाले हसले. चौथ्याला शेवट जुळला, चांगलाच जुळला, आणि लोकांनी वाद्यं खाली केली. झालं असं त्यांना वाटलं. डेस्मंडने आत्याकडे पाहिलं. ती हलली नव्हती. त्याने वाक्य म्हटलं. पाचव्याला कुणी टाळी वाजवली नाही. सहाव्यानंतर गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस रांगेतून निघून झाडाखाली बसला, त्याच्यामागे दोन बायका गेल्या. बाकीचे उभे राहिले. का, ते कुणी विचारलं नाही. प्रोफच्या बँडमध्ये का विचारायची पद्धत नव्हती.

मग सूसाफोनच्या रांगेतला एक जण वळून शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघू लागला. शहाण्णव सालचा तिसरा सूसाफोन, आता टायरच्या दुकानात कामाला. त्या दिवशी तीन वाजता तो इतरांबरोबर घरी गेला होता. रेनाटाने त्याच्या चेहऱ्यावर आकडे जुळताना पाहिले. तो पुढच्या माणसाला काही बोलला नाही. पण सातव्याला त्याच्या सुरात दम नव्हता, आणि आठव्याला पितळी रांगा एकामागून एक पातळ होत गेल्या, जणू एकाकडून दुसऱ्याकडे काहीतरी गेलं होतं. क्लिफ्टनने शर्टावर आपलं पोस्टाचं जाकीट चढवलं, त्या उन्हात, आणि गळ्यापर्यंत बंद केलं.

आत्याचा निळा खांदा घामाने काळा झाला होता. आठवं संपताना तिचा गुडघा एकदा वाकला. तिने तो सरळ केला.

कडेला उभ्या एका ट्रकच्या मागे बर्फात पाण्याच्या बाटल्या होत्या. रेनाटाच्या हातात एक आली, ती कधी उचलली ते तिला आठवलं नाही. रेषा अजून तिथेच होती, पिवळी, दरवर्षी नव्याने रंगवलेली. डेस्मंडचे हात वर होते. नववं सुरू झालं होतं. कुणी शिट्टी वाजवली नव्हती आणि वाजवणारही नव्हतं.

ती रेषेच्या आत गेली. पावलं मोजली नाहीत.

आत्याने बाटली घेतली. उघडली नाही, छातीशी धरून ठेवली. रेनाटा तिच्या शेजारी उभी राहिली, कारण परत जायचं कुठे ते तिला कळेना. वाजवणाऱ्यांच्या मधोमध उभं राहिलं की सूर कानाने ऐकू येत नाहीत, तळपायातून वर चढतात. दहावं झालं. डेस्मंडला वाक्य म्हणता येईना. त्याने फक्त बोट वर केलं.

अकरावं संपलं तेव्हा ढोलवाल्यांच्या काड्या तशाच अधांतरी राहिल्या. दोनशे माणसं, आणि वाहनतळावर कुणाचं मूल रडत होतं तेवढाच आवाज.

"किती वेळ झाला?" आत्याने विचारलं.

रेनाटाने घड्याळ पाहिलं. पहिल्यांदाच तिला वाटलं की आकडा चुकावा. "एक्कावन्न मिनिटं."

आत्याने मान हलवली. बाटलीचं झाकण फिरवायला लागली, पण बोटं ओली होती आणि ते फिरत नव्हतं.

"लवकर संपलं," ती म्हणाली, "असं सांगितलं होतं मला."